अपाची की वॉक डोन्ट रन : पहिली धून कुठली बसवावी?

गिटारवर कॉर्ड (एकत्र वाजणारे तीन-चार सूर) बदलताना बोटं अडखळायची थांबली, चार-सहा गाण्यांना साथ करता यायला लागली, की बहुतेकांना एक इच्छा होते. आता गाणाऱ्याच्या मागे नाही, आपली आपण एक अख्खी धून वाजवायची. रॉक अँड रोलच्या सुरुवातीच्या वर्षांत अशा बिनशब्दांच्या धुना इतक्या गाजल्या, की निवडीला तोटा नाही. अडचण ही, की त्यातल्या पुष्कळशा गिटारवाल्याच्या एकट्याच्या नाहीतच. 'टकिला' (१९५८) ही सॅक्सोफोनची धून आहे, गिटारवर ती वाजते पण पोकळ वाटते. सँटो आणि जॉनी या ब्रुकलिनच्या दोघा भावांची 'स्लीप वॉक' (१९५९) मला अतिशय प्रिय आहे, पण तिचं सगळं लावण्य स्टील गिटारवर (तारांवर धातूचा तुकडा सरकवून वाजवायची गिटार) घसरत जाणाऱ्या सुरात आहे. गिटारवादक ड्वेन एडीची 'रेबेल राउझर' (१९५८) खालच्या जाड तारांवर वाजते आणि बोटांना सोपीही आहे. मात्र तिच्या ध्वनिमुद्रणात पाण्याच्या रिकाम्या टाकीतून काढलेला घुमारा आहे, तो घरच्या खोलीत कुठून आणायचा?

राहतात दोन. शॅडोज या बँडची 'अपाची' आणि व्हेंचर्स या बँडची 'वॉक डोन्ट रन'. दोन्ही १९६० सालच्या उन्हाळ्यात गाजल्या, पहिली इंग्लंडात आणि दुसरी अमेरिकेत. दोन्हीकडे चौघंच जण : दोन गिटार, एक बेस, एक ड्रम. मी या दोन्ही बसवल्या आहेत. आधी अपाची, जवळजवळ आठ महिने, आणि नंतर वॉक डोन्ट रन. क्रम उलटा असता तर बरं झालं असतं, असं मला आज वाटतं. ते का, तेच सांगतो.

अपाची ऐकताना पहिल्याच ओळीला माणूस गुंततो. जेरी लॉर्डन या गीतकाराने दौऱ्यावर असताना ती शॅडोजच्या मुलांना युकुलेलेवर वाजवून दाखवली होती. तिचा निर्माता नॉरी पॅरामोर याला खरं तर रेकॉर्डची दुसरी बाजू जास्त पसंत होती. तरीही अपाचीच पुढे गेली आणि इंग्लंडच्या लोकप्रिय रेकॉर्डच्या यादीत पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. तिने खाली ढकललेलं गाणंसुद्धा गायक क्लिफ रिचर्ड आणि शॅडोज यांचंच होतं. सुरुवातीला आणि शेवटी जो चिनी ढोल वाजतो, तो लखनौत जन्मलेल्या याच क्लिफ रिचर्डने वाजवला आहे. शॅडोजमधला ब्रूस वेल्च अकूस्टिक गिटारवर घोड्याच्या टापांसारखा ठेका धरतो आणि त्यावर त्याच्या जोडीदाराची, हँक मार्व्हिनची, स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार सावकाश, ऐसपैस बोलते. सूर मोजके आहेत. वेग अंगावर येत नाही. टॅब (कुठल्या तारेवर कुठे बोट ठेवायचं ते आकड्यांत दाखवणारं लिखाण) कागदावर पाहिला तर वाटतं, हे पंधरा दिवसांचं काम आहे.

सूर खरंच पंधरा दिवसांत बसतात. मला तीन आठवडे लागले. पण सूर बसले म्हणजे अपाची बसली असं होत नाही. मार्व्हिन लांब सुरांवर ट्रेमोलोची दांडी (तारांचा ताण कमी-जास्त करणारी) हलक्या हाताने हलवतो आणि तो सूर थरथरतो. ती थरथर काढून टाकली, तर उरते ती फक्त सुरांची यादी. म्हणजे दांडी हवीच. माझी सगळी निवड या दांडीपाशी येऊन अडली.

माझी गिटार स्ट्रॅटोकास्टरच्या घाटाची, साध्या किमतीची आहे, नव्याने शिकणाऱ्या बहुतेकांकडे असते तशीच. तिची दांडी हलवली की सूर थरथरतो, पण दांडी सोडल्यावर तार होती तिथे परत येत नाही. केसभर खाली राहते. सगळ्यांत जास्त तिसरी तार. पहिल्या फेरीला ते जाणवत नाही. दुसऱ्या फेरीला मधल्या भागात कॉर्ड धरला की काहीतरी टोचतं. तिसऱ्या फेरीला सरळ बेसूर. आमच्या आईचं गाणं शास्त्रशुद्ध झालेलं, घरात तानपुरा वर्षानुवर्षं लागलेला. ती आतल्या खोलीतून म्हणायची, "अरे, तार उतरलीय. आधी लावून घे, मग वाजव." तिचा शब्द खाली पडू द्यावा असं मला कधी वाटलं नाही, कारण प्रत्येक वेळी तार उतरलेलीच असायची. कामावरून आल्यावर रियाजाला मिळणार अर्धा तास. त्यातली दहा-बारा मिनिटं तारा लावण्यात जायची, आणि धून रंगायला लागली की नेमकी तिथेच थांबावं लागायचं. या एका गोष्टीने माझा अपाचीतला आनंद हळूहळू संपवला.

उपाय केले नाहीत असं नाही. नटच्या (मानेच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) खाचांत पेन्सिलचं शिसं घासलं, म्हणजे तार तिथे अडकत नाही. मागची झाकणी उघडून स्प्रिंग आवळल्या, ब्रिज (तारांचं खालचं टोक धरणारा भाग) लाकडाला टेकवला. नवीन तारा चढवल्यावर त्या हाताने ताणून घ्यायला शिकलो. जाड तारा लावल्या. या जाड तारांमागे कारण होतं : त्या काळी इलेक्ट्रिक गिटारलाही जाडच तारा असत, तिसरी तारसुद्धा गुंडाळलेली, आणि तशी तार सुरावर टिकून राहते. प्रत्येक उपायाने थोडा फरक पडला, हे मान्य करतो. मात्र जाड तारांनी बोटं दुखायला लागली आणि पावसाळ्यात तारा उतरण्याचं दुखणं पुन्हा मूळ पदावर आलं. कुणाच्या गिटारचा ब्रिज उत्तम प्रतीचा असेल तर त्याला हा त्रास कदाचित होणारही नाही. मी माझ्या हातात जे आहे त्यावरून बोलतोय.

प्रतिध्वनीची गोष्ट वेगळीच. मार्व्हिनकडे इटालियन बनावटीचं टेपचं इको यंत्र होतं आणि अपाचीतल्या सुरांच्या मधल्या मोकळ्या जागा त्या यंत्राने भरल्या आहेत. आज साध्या डिले पेडलवर (सूर मागाहून पुन्हा ऐकवणारी, पायाने चालवायची पेटी) त्याच्या जवळपास जाता येतं. पेडल नसेल तर धून उघडी पडते, एवढं लक्षात असू द्यावं.

आता वॉक डोन्ट रन. हिचा प्रवासच शिकणाऱ्याला धीर देणारा आहे. मूळ रचना जॉनी स्मिथ या जॅझ गिटारवादकाची, १९५४ सालची, नाजूक आणि गुंतागुंतीची. पुढे चेट अ‍ॅटकिन्स या गिटारवादकाने ती आपल्या बोटांच्या शैलीत वाजवली. ती रेकॉर्ड वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमा भागात बांधकामावर काम करणाऱ्या बॉब बोगल आणि डॉन विल्सन यांच्या हाती लागली. दोघांनी जुन्या बाजारातल्या स्वस्त गिटारांवर शिकायला सुरुवात केली होती. अ‍ॅटकिन्ससारखं वाजवणं जमेना, तेव्हा त्यांनी आपल्या हाताला झेपेल अशी ती नव्याने बांधली : एकाने सरळ धून वाजवायची, दुसऱ्याने ठोकून ऱ्हिदम, म्हणजे कॉर्डांची साथ, धरायचा. विल्सनच्या आईने मुलांसाठी छोटीशी रेकॉर्ड कंपनी काढली, आणि ही धून अमेरिकेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचली. म्हणजे आज आपण जी वाजवतो ती आवृत्तीच मुळात दोन शिकाऊ माणसांनी स्वतःसाठी सोपी करून घेतलेली आहे. ते बोटांना लगेच कळतं. हात मानेवर उगाच उड्या मारत नाही, एक वळण सुटलं की पुढचं आपोआप हाताखाली येतं.

दांडी बोगलही वापरतो, शेवट लांबवताना छान वापरतो. पण इथे ती दागिन्यासारखी आहे. मी माझ्या गिटारची दांडी काढून खणात ठेवून दिली आणि वॉक डोन्ट रनचं काही बिघडलं नाही. अर्ध्या तासात आठ-दहा वेळा वाजवून होते, कारण धून जेमतेम दोन मिनिटांची आहे, आणि आठव्या फेरीलाही तारा सुरात असतात. आई आतून काही म्हणत नाही. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

हिचा दोषही सांगायला हवा. ती एकट्याची नाही. नुसती लीड, म्हणजे मुख्य धून, वाजवली तर कुणीतरी घाईघाईने जिना उतरतंय असं वाटतं, कारण तिची अर्धी ताकद मागच्या ए, जी, एफ, ई अशा पायरी-पायरीने उतरणाऱ्या कॉर्डांमध्ये आहे. घरात दुसरा वाजवणारा नसेल तर ऱ्हिदम मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून त्यावर वाजवावं लागतं. माझा भाचा कॉर्ड धरणारा निघाला, हे माझं भाग्य. त्याला चार महिन्यांचाच सराव होता, तरी दुसऱ्या रविवारी तो माझ्याबरोबर पूर्ण धून वाजवत होता. अपाचीच्या वेळी तोच मुलगा नुसता ऐकत बसायचा. आमच्या सोसायटीच्या गणपतीत आम्ही ती वाजवली तेव्हा पुढच्या रांगेतल्या मुलांनी पहिल्या कॉर्डापासून ठेका धरला होता.

ऐकण्याचाच प्रश्न असेल, तर मी आजही आधी अपाची लावतो. तिच्यात एक माळरान आहे, संध्याकाळ आहे, ते वॉक डोन्ट रनमध्ये नाही. डेन्मार्कच्या यॉर्गन इंगमानने ती अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर नेली, १९७३ साली बाँगोच्या ठेक्यावर ती पुन्हा झाली आणि त्या ठेक्यावर न्यूयॉर्कच्या हिपहॉपवाल्यांनी आपलं संगीत उभं केलं. इतकं आयुष्य फार थोड्या धुनांना मिळतं. तुमच्याकडे सूर धरून ठेवणारी गिटार असेल, डिले पेडल असेल आणि तुम्ही एकटेच वाजवत असाल, तर अपाचीपासून सुरुवात करायला माझी ना नाही.

बाकीच्यांनी निदान पहिले तीन महिने दांडी काढून ठेवावी आणि वॉक डोन्ट रन घ्यावी, असं मला मनापासून वाटतं. घेताना एक करा : लीडच्या आधी ऱ्हिदम शिका. उजवा तळवा तारांवर हलका टेकवून, आवाज दाबत, मूळ वेगाच्या निम्म्याने. ही धून हाताखाली पळायला लागते आणि वाजवणारा तिच्यामागे धावतो, ते या सरावाने आवरतं. भाचा आणि मी आता बाजू बदलून वाजवतो, एक रविवार लीड त्याची, पुढचा माझी.