रोजची सवय की मुदतीचे ध्येय? स्वतःहून शिकणाऱ्यांसाठी तुलना

औपचारिक शिक्षण संपल्यानंतर काही नवे शिकायचे ठरवणाऱ्या माणसासमोर साधारणपणे दोन मार्ग असतात. पहिल्यात रोज ठरावीक वेळ विषयाला द्यायचा आणि आपण कधी, कुठवर पोचणार याचा फारसा विचार करायचा नाही. दुसऱ्यात अमुक तारखेपर्यंत अमुक गोष्ट करता आलीच पाहिजे असे ठरवून तिच्या बेताने अभ्यास आखायचा. दोन्ही एकत्र करावे, हा सल्ला ऐकायला बरा वाटतो, पण दिवसाकाठी जेमतेम अर्धा तास हाताशी असेल तर भर कशावर द्यायचा हे ठरवणे भागच पडते. बहुतेक जण ही निवड स्वभावावर सोडतात: शिस्तीची आवड असणारे सवयीकडे वळतात आणि उत्साही मंडळी ध्येयाकडे. माझ्या मते स्वभावापेक्षा दोन गोष्टी अधिक महत्त्वाच्या आहेत. शिकायची गोष्ट कोणत्या जातीची आहे आणि आपण तिच्यात कोणत्या टप्प्यावर आहोत, हे आधी पाहायला हवे.

लक्षात ठेवण्याच्या बाबतीत सवयीची बाजू निर्विवादपणे वरचढ आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरसमूह स्वतःच पाठ करून विस्मरणाचा वेग मोजला आणि 1885 मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. शिकलेल्यातला मोठा भाग पहिल्या काही तासांतच निसटतो आणि उजळणी एकाच बैठकीत उरकण्याऐवजी अनेक दिवसांत विभागली तर कमी आवृत्त्यांत काम होते, ही त्याची दोन्ही निरीक्षणे पुढच्या अनेक प्रयोगांत टिकली. त्यामुळे रविवारी सलग साडेतीन तास बसणारा आणि रोज अर्धा तास बसणारा यांचा आठवड्याचा हिशेब सारखाच असला तरी महिनाभरानंतर दुसऱ्याच्या पदरात जास्त उरण्याची शक्यता असते. नवी लिपी, परकी भाषेतले शब्द, वाद्यावरची बोटे, न बघता टंकलेखन अशा गोष्टींसाठी निवड जवळपास ठरलेलीच आहे, असे म्हणता येईल.

मात्र सवय लागणे हेच एक काम आहे आणि त्याला लागणारा काळ लोक हमखास कमी धरतात. एकवीस दिवसांत सवय लागते, हा समज 1960 च्या सुमारास एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनने आपल्या रुग्णांविषयी नोंदवलेल्या निरीक्षणातून पसरला. त्याने तरी ‘किमान’ म्हटले होते, तो शब्द वाटेत गळला. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या संशोधकांनी 96 जणांवर केलेल्या आणि 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कृती आपोआप घडू लागण्यास लागलेल्या काळाचा मध्यांक 66 दिवस निघाला आणि व्यक्तीव्यक्तींमधला फरक 18 पासून 254 दिवसांपर्यंत आढळला. त्यातही तपासलेल्या सवयी खाणे, पिणे आणि व्यायाम यांच्याशी संबंधित होत्या. जेवणाबरोबर पेलाभर पाणी पिणे आणि संख्याशास्त्राचे प्रकरण उघडून बसणे यांत डोक्याला पडणारा ताण सारखा नसतो. दिलासा एवढाच की एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या प्रक्रियेत लक्षणीय फरक पडत नाही, असेही त्याच अभ्यासात दिसले.

सवयीचा खरा दोष वेगळाच आहे आणि तो लवकर ध्यानात येत नाही. भाषा शिकवणारे ॲप वापरणाऱ्याची एक रात्र पाहा. झोपायला दहा मिनिटे उरलेली असतात, सलग दिवसांची साखळी तुटू द्यायची नसते, म्हणून तो आधीच पक्का झालेला धडा पुन्हा उघडतो, चार मिनिटांत सगळी उत्तरे बरोबर देतो आणि पडद्यावरचा आकडा एकाने वाढतो. त्या चार मिनिटांत त्याला एकही नवा शब्द भेटलेला नसतो. असे महिनोन्‌महिने चालू शकते, कारण हजेरी लागली म्हणजे अभ्यास झाला असे मानण्याची सोय सवयीतच असते.

मुदतीचे ध्येय नेमके इथे कामी येते. समजा, एखादी व्यक्ती संगणकावरचे तक्ते आणि सूत्रे यांचा सराव रोज करते आहे आणि तिने ठरवले की आठ आठवड्यांत स्वतःच्या वर्षभराच्या खर्चाच्या नोंदींवरून महिनावार तुलना तयार करायची. पहिल्याच आठवड्यात तिच्या लक्षात येईल की निम्म्या तारखा एका पद्धतीने लिहिल्या आहेत आणि निम्म्या दुसऱ्या. काही रकमा संगणक आकडे म्हणून वाचतच नाही, त्यामुळे बेरीज कमी येते. आणि एकाच प्रकारच्या खर्चाला तीन वेगवेगळी नावे दिली गेली आहेत. सरावाच्या धड्यांतली माहिती आधीच साफसूफ केलेली असल्याने या अडचणी तिथे सहसा भेटत नाहीत. काय येत नाही हे ध्येयामुळे उघडे पडते. एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या मानसशास्त्रज्ञांच्या दीर्घ संशोधनानेही दाखवले आहे की ‘जमेल तेवढे चांगले करा’ अशा सूचनेपेक्षा नेमके आणि अवघड ध्येय बहुधा अधिक काम करवून घेते.

त्यालाही एक महत्त्वाची अट आहे आणि उत्साहाच्या भरात ती विसरली जाते. काम गुंतागुंतीचे आणि शिकणारा अगदी नवखा असेल, तर निकालाचे कडक ध्येय उलटेच फळ देऊ शकते: सगळे लक्ष आकडा गाठण्याकडे लागते आणि काम करण्याच्या पद्धती शोधायला डोके मोकळे राहत नाही. अशा वेळी ‘ही चूक दुरुस्त करण्याचे तीन मार्ग शोधायचे’ अशा प्रकारचे, शिकण्यालाच उद्देशून ठेवलेले ध्येय अधिक उपयोगी ठरते. शिवाय मुदत ठरवणारे आपण स्वतःच असतो आणि आपले अंदाज बेभरवशाचे असतात. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांनी प्रबंध संपवण्यासाठी सरासरी 34 दिवसांचा अंदाज दिला होता. प्रत्यक्षात सरासरी 55 हून अधिक दिवस लागले. मुदत ठरवताना मनात येणारा काळ दीडपटीने वाढवून धरणे, हा मला निराशावाद वाटत नाही.

दोन्ही मार्ग फसतातही वेगवेगळ्या तऱ्हेने. मुदत हुकली की ती सरळ दिसते आणि अनेक जण तेवढ्याने विषयच सोडून देतात; सवय मात्र आतून पोकळ झाली तरी वरून धडधाकट दिसत राहते. ध्येय गाठल्यावर अभ्यास थांबण्याचा धोका आहेच, कारण परीक्षा संपली की पुस्तक मिटते आणि एबिंगहाउसचा विस्मरणाचा आलेख लगेच आपले काम सुरू करतो.

म्हणून अगदी नवख्या माणसाने पहिले दोन-तीन महिने सवयीलाच द्यावेत आणि निकालाची तारीख ठरवू नये, असे माझे मत आहे. ज्याला विषयाची ओळख आहे, पण प्रगती अडल्यासारखी वाटते, त्याने मुदतीचे ध्येय घ्यावे आणि त्या काळात रोजची साखळी तुटली तरी चालवून घ्यावे. बाहेरच्या परीक्षेची तारीख ठरलेली असेल तर निवडीचा प्रश्नच उरत नाही. पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांना किंवा ज्यांचा दिवस दुसऱ्यांच्या गरजांवर चालतो त्यांना घड्याळाला बांधलेली सवय टिकवणे कठीण जाते. त्यांनी वेळेऐवजी एखाद्या घटनेशी अभ्यास जोडावा. ‘कामावरून येऊन चहा झाला की पहिले पान उघडायचे’ अशा ‘अमुक झाले की तमुक’ स्वरूपाच्या संकल्पांचा परिणाम मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी 1999 च्या लेखात सविस्तर मांडला आहे आणि ही युक्ती दोन्ही मार्गांवर चालते.

सवयीकडून ध्येयाकडे कधी वळावे, हे ओळखण्यासाठी आठवड्यातून एकदा पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर त्या आठवड्यात शिकलेले लिहून काढावे. आठवून लिहिणे हा पुन्हा वाचण्यापेक्षा दीर्घकाळ टिकणारा सराव असल्याचे प्रयोगांत दिसले आहे, त्यामुळे ही तपासणी स्वतःच अभ्यासही ठरते. हजेरीचे सगळे रकाने भरलेले असूनही लागोपाठ तीन आठवडे कागदावर चार-पाच ओळींपलीकडे काही उतरत नसेल, तर तारीख ठरवायची वेळ झाली असे समजावे.