‘मंद मेटाबॉलिझम’च्या नावाखाली दीड पगार गेला

वजन उतरवून देणाऱ्या एका सेंटरचं तीन महिन्यांचं पॅकेज, पैसे आधी, पावतीवर नुसतं ‘वेलनेस सल्ला’. माझा दीड महिन्याचा पगार. पुढचं तुम्ही ओळखलं असेलच. पण मी बावळट नाही हो. बाळंतपणानंतरचे 11 किलो काही केल्या उतरत नव्हते, थायरॉइड नॉर्मल, आणि पहिल्यांदाच कुणीतरी म्हणालं, “मॅडम, चूक तुमची नाही, मेटाबॉलिझम, म्हणजे शरीराचा ऊर्जा जाळायचा वेग, मंद झालंय.” तिथेच विरघळले.

कळायला हवं होतं ते त्यांच्या वजनकाट्यासारख्या मशीनवर. तिथल्या मुलीने माझी उंची 162 ऐवजी 152 टाकली. ‘शरीराचं वय’ आलं 58. तिने चूक सुधारून मला पुन्हा उभं केलं, आलं 51. मी 36 वर्षांची. दोन मिनिटांत सात वर्षं हलली, म्हणजे मशीन टाकलेल्या आकड्यांवरून अंदाज बांधतंय, हे डोळ्यांदेखत घडलं. आणि मी मान डोलावली! अजून झोप लागत नाही त्या क्षणाने. मेटाबॉलिझम खरं मोजायचं तर मास्क किंवा हूड लावून श्वासातला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मोजतात. अनवाणी दहा सेकंद उभं राहून नाही.

मग रोज 700 कॅलरी आणि पावडर. नऊ दिवसांत 3 किलो 400 ग्रॅम गेले. बहुतेक पाणीच, एक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत (शरीरात साठवलेली साखर) साधारण तीन ग्रॅम पाणी असतं, ते आधी जातं. पाचव्या आठवड्यात काटा थांबला, हातपाय गार पडायला लागले, पुढे केस गळाले. इतकं कमी खाल्लं की शरीर स्वतःच ऊर्जेचा खर्च आवरतं. तर म्हणे, “तुमचं मेटाबॉलिझम हट्टी आहे, दुसरं पॅकेज घ्या.” 800 कॅलरींखालचा आहार डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय कुणी सांगितला तर उठून या. आणि ‘तिशीनंतर मेटाबॉलिझम मंदावतंच’ हेही ऐकू नका; 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात वजन आणि शरीराची ठेवण धरून पाहिलं, तर 20 ते 60 वयात ते जवळपास स्थिर दिसलं.

पोलीस म्हणाले, सही तुमचीच आहे, ग्राहक तक्रार करा. तिथे म्हणाले, पावडर म्हणजे अन्न विभाग. अन्न विभाग म्हणाला, सल्ला दिलाय, आरोग्य विभागाकडे जा. आरोग्य विभागात विचारलं, सल्ला देणारा डॉक्टर होता का? नव्हता. मग आमच्याकडे येत नाही! डॉक्टर नव्हता हीच तर माझी तक्रार आहे! चार दारं, सहा अर्ज, सुट्ट्या माझ्याच गेल्या.

पावती, चॅट, डब्यावरचं लेबल, सगळ्याचे फोटो काढून ठेवा. आता तक्रारीला पुरावा म्हणून माझ्याकडे डबा मागताहेत. रिकामे डबे पुढच्या पॅकेजच्या सवलतीसाठी सेंटरवाल्यांनी परत घेतले होते.