कोकणी–मराठी भाषांतराचे ॲप : गुळाच्या दुकानातला अनुभव

शाहूपुरीतील आमच्या गुळाच्या दुकानाकडे गोव्याच्या ग्राहकांचे संदेश कोकणीत येतात, म्हणून भाषांतराचे एक ॲप तीन महिने वापरून पाहिले. भाव, पत्ता, तारीख यांपुरते ते चोख आहे. परंतु ‘म्हाका पांच किलो गोड जाय’ या संदेशाचे त्याने ‘मला पाच किलो गोड हवे’ असे केले आणि दुकानातल्या पोराने पेढ्यांची चौकशी आरंभली. कोकणीत गुळालाच ‘गोड’ म्हणतात! अशी यंत्रे मुख्यतः एकाच अर्थाच्या, दोन भाषांतील वाक्यांच्या जोड्यांवरून शिकतात आणि कोकणी-मराठीच्या अशा जोड्या थोड्याच असल्याने मजकूर पुष्कळदा इंग्रजीच्या वळणाने जातो, त्यात ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतला भेद गळून पडतो. गूगलने २०२२ मध्ये आपल्या भाषांतर-सेवेत कोकणीसह २४ भाषा घेतल्या, त्या अशा जोड्यांविना, केवळ एकभाषिक मजकुरावरून शिकवून; आयआयटी मद्रासच्या एआयफॉरभारत या संशोधन-गटाचे २०२३ मधले इंडिकट्रान्स२ हे भाषांतर-यंत्र राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील सर्व २२ भाषांसाठी असून खुले आहे. आमच्या ॲपमध्ये दुकानदाराला स्वतःचे शब्द भरण्याची सोयच नाही, ही माझी मुख्य तक्रार. तूर्त वीसेक शब्द वहीत लिहून गल्ल्याशेजारी ठेवले आहेत. मोफत आहे म्हणून वापरतो. पैसे मोजून घेतले नसते.