एफडी मोडू नका, तिच्यावर ओडी मागा : कराडमधल्या एका शाखेचा अनुभव

ज्यांचा धंदा हंगामी आहे आणि ज्यांच्या घरात थोडीफार रक्कम मुदत ठेवीत (एफडीत) पडून आहे, त्यांनी पैशाची ओढाताण सुरू झाली की आधी बँकेत जाऊन ठेवीवरचा ओव्हरड्राफ्ट (ओडी) मागावा, म्हणजे ठेव तारण ठेवून ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागतील तेव्हा पैसे उचलायची सोय. सोनं, भिशी, पर्सनल लोन हे सगळं त्याच्यानंतर. मी गेल्या वर्षी ही सोय घेतली, हंगाम पार पाडला, आणि आता माझ्यासारख्या बायकांना ती समजावून सांगावी म्हणून हे सविस्तर लिहितेय.

मी कराडमध्ये शाळांचे गणवेश शिवते. घराच्या मागच्या खोलीत मशिनं, एक कटिंग मास्टर आणि काज-बटण, ओव्हरलॉकला दोन बायका. आमच्या धंद्यात पैसा उलटा फिरतो. एप्रिल-मे महिन्यात सोलापूरहून कापडाचे तागे उचलायचे, टेरीकॉटचं शर्टिंग आणि सुटिंग दोन्ही. शाळा पंधरा जूनच्या सुमारास उघडणार, तोवर माल तयार पाहिजे. मजुरी दर शनिवारी द्यायची. आणि शाळेचा चेक हातात पडतो जुलैच्या शेवटी, कधी ऑगस्ट निम्मा सरल्यावर. व्यापारी उधारीवर माल देतो, पण उधारीचा भाव वेगळा आणि रोखीचा वेगळा. रोखीनं घेतलं की मीटरमागं जे सुटतं तोच माझा नफा असतो. त्यामुळे दोन महिन्यांसाठी दीड लाखाच्या आसपास रक्कम हाताशी असणं, एवढीच माझी गरज.

बाबांच्या निवृत्तीच्या पैशातली चार लाखांची एक एफडी आहे, आई आणि मी दोघींच्या नावावर. २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी ठेवलेली. आईचं नाव पहिलं असल्यानं ज्येष्ठ नागरिकांचा दर मिळाला, साडेसात टक्के. घरात सगळ्यांचं म्हणणं होतं की ती मोडावी, गरज भागली की परत ठेवू. मला ते पटेना, आणि त्याचं कारण साधं होतं. फेब्रुवारी ते जून २०२५ या काळात रिझर्व्ह बँकेनं रेपो दर (ती बँकांना ज्या दरानं पैसे देते तो) साडेसहावरून साडेपाचवर आणला आणि सगळ्याच बँकांचे ठेवींचे दर उतरत गेले. साडेसातची पावती एकदा मोडली की तो दर पुन्हा मिळणार नव्हता. शिवाय मुदतीआधी मोडली तर ठेव जेवढे दिवस राहिली तेवढ्या मुदतीचा दर लागतो आणि त्यातूनही अर्धा-एक टक्का दंड म्हणून कापतात.

आमची शाखा राष्ट्रीयीकृत बँकेची आहे. नाव लिहीत नाही, कारण खाली थोडी तक्रारही आहे. काउंटरवर पैशाची गरज सांगितली की पहिला कागद पुढं येतो तो पर्सनल लोनचा. मलाही तोच दिला, सोबत विम्याचा फॉर्म. हे तुमच्याही बाबतीत होईल, तेव्हा तिथं ठामपणे शब्द उच्चारायचा : "मला एफडीच्या तारणावर ओडी पाहिजे." कर्ज पाहिजे असं मोघम बोलायचं नाही. आणि विमा कर्जासाठी सक्तीचा नसतो, तो फॉर्म शांतपणे परत करायचा. हे म्हटल्यावर मला आत ॲडव्हान्सेसच्या, म्हणजे कर्ज विभागाच्या, मॅडमकडं पाठवलं, आणि तिथून पुढचं काम मात्र मनापासून झालं.

मॅडमनी हिशेब कागदावर मांडून दाखवला, तो मी जपून ठेवलाय. ठेवीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत लिमिट, म्हणजे तीन लाख साठ हजार. व्याजदर ठेवीच्या दरापेक्षा एक टक्का जास्त, म्हणजे साडेआठ. व्याज लिमिटवर लागत नाही, जेवढे वापरले तेवढ्यावरच आणि जेवढे दिवस वापरले तेवढ्याच दिवसांचं. दीड लाख साठ दिवस वापरले तर व्याज होतं साधारण २,०९६ रुपये. त्याच साठ दिवसांत त्याच दीड लाखावर आमची ठेव साडेसात टक्क्यांनी १,८४९ रुपये कमावते, कारण ठेव जागची हललेलीच नसते. मधला फरक अडीचशे रुपयांच्या आत.

आता हेच दीड लाख तेरा टक्क्यांच्या पर्सनल लोननं वर्षभराच्या हप्त्यांवर घेतले असते, तर व्याजच पावणेअकरा हजारांच्या घरात जातं. त्यावर दोन टक्के प्रोसेसिंग फी धरली तर तीन हजार आणि त्या फीवर अठरा टक्के जीएसटी. आणि हप्ता सुरू होतो पुढच्याच महिन्यात, म्हणजे शाळेचा चेक यायच्या आधी. आमच्या पेठेत शेकडा तीन रुपयांनी महिन्याला पैसे देणारेही आहेत. दोन महिन्यांचे नऊ हजार. माझ्या ओळखीच्या किती बायका दर हंगामाला ते नऊ हजार देतात, हे आठवलं की जीव तुटतो. त्यांच्यातल्या कित्येकींच्या कपाटात एफडीची पावती असते. मुलीच्या लग्नाची म्हणून ठेवलेली, तिला हात लावायचा नाही असं ठरवलेली. ओडीमध्ये तिला हात लागतच नाही, हे त्यांना बँकेतल्या कुणीतरी बसवून सांगायला हवं. बँकेच्या भिंतीवर मी आजवर गृहकर्जाचे, गाडीच्या कर्जाचे फलक पाहिले, ठेवीवरच्या ओडीचा एकही पाहिला नाही.

कागदपत्रं फार नाहीत. दोघींचं आधार, पॅन, फोटो, एक अर्ज, वचनचिठ्ठी, ठेव तारण दिल्याचं पत्र. एफडीच्या पावतीवर मागच्या बाजूला रेव्हेन्यूचं तिकीट लावून सही करायची आणि मूळ पावती बँकेत जमा करायची. तिची झेरॉक्स स्वतःकडं ठेवावी, पोचही घ्यावी. सिस्टीममध्ये ठेवीवर लीन मार्क होतो, म्हणजे कर्जखातं फिटेपर्यंत ती मोडता येत नाही. माझ्याकडून प्रोसेसिंग फी घेतली नाही, स्टॅम्पचा किरकोळ खर्च तेवढा झाला.

संयुक्त ठेव असेल तर एक गोष्ट आधीच ध्यानात घ्या. पावतीवर "दोघांपैकी कोणीही किंवा हयात" असं असलं तरी तारण ठेवताना सगळ्यांच्या सह्या लागतात. आमच्या बँकेच्या ॲपवर ठेवीवर ओडी घरबसल्या मिळते, पण ती फक्त एकट्याच्या नावावरच्या ठेवीवर. म्हणून आईला शाखेत न्यावं लागलं. तिचे गुडघे दुखतात आणि ॲडव्हान्सेसचा विभाग वरच्या मजल्यावर. मॅडम स्वतः फाइल घेऊन खाली आल्या, खुर्ची ओढून आईच्या शेजारी बसल्या. आई सही करायला घाबरत होती. बाबांचे पैसे गहाण टाकतोय, एवढंच तिच्या डोक्यात. तिनं विचारलं, "आणि माझं काही झालं तर?" मॅडम म्हणाल्या, "काकू, खात्यात जेवढे वापरलेले असतील तेवढे आधी वळते होतील आणि उरलेले सगळे ताईंना मिळतील. व्याज तुम्हाला आजच्यासारखंच मिळत राहील." आईनं ते त्यांच्याकडून दोनदा ऐकून घेतलं, मग सही केली. सेवा म्हणतात ती हीच, आणि यासाठी मी या शाखेला मनापासून चांगलं म्हणते.

लिमिट मंजूर झाल्यावर वेगळं खातं उघडून मिळतं, त्याचं वेगळं चेकबुक. तिथून मी थेट व्यापाऱ्याला एनईएफटी करते. व्याज रोज दिवसअखेरीला जेवढी उचल बाकी असेल तिच्यावर मोजतात आणि महिन्याच्या शेवटी खात्याला लावतात. यातून एक सवय लागली : शाळेचा चेक आला की बचत खात्यात न टाकता त्याच दिवशी ओडी खात्यात भरायचा. ऑक्टोबर २०२५ पासून चेक त्याच दिवशी वटायला लागलेत, त्याचा फायदा मला डिसेंबरमध्ये स्नेहसंमेलनाच्या ड्रेसचे पैसे आले तेव्हा दिसला. आठवड्याची मजुरी काढायची असेल तर शुक्रवारी न काढता शनिवारी सकाळी काढायची. एका दिवसाच्या वाचलेल्या व्याजाची रक्कम लहान वाटेल, पण ती आपली आहे.

आता ज्या गोष्टी खटकल्या त्या. ओडी खात्याला आमच्या शाखेत यूपीआय जोडून मिळालं नाही. रोजच्या किरकोळ खरेदीला आधी बचत खात्यात रक्कम वळवावी लागते. महिनाअखेरीचं व्याज लागल्याचा मेसेज येत नाही, पासबुक भरून आणल्याशिवाय कळत नाही. आणि एफडीचं नूतनीकरण झालं की ठेवीचा दर बदलतो, त्याबरोबर ओडीचाही बदलतो, हे मंजुरीच्या पत्रात बारीक अक्षरात असतं. तोंडी कुणी सांगत नाही. तुमची ठेव कधी संपतेय ते पाहूनच लिमिट घ्या. पाच वर्षांची करबचतीची ठेव असेल तर तिच्यावर कर्ज मिळतच नाही, शाखेत जाण्याआधी पावती नीट वाचा.

आणखी एक, हे मी कळकळीनं सांगते. ज्या पैशाला परत यायची तारीख आहे त्यासाठीच ओडी वापरा. माझ्या कापडाला शाळेचा चेक ठरलेला आहे, उशिरा येईल पण येणार. घराचा रंग, मुलाची गाडी, लग्नातला मानपान यासाठी लिमिटला हात घातला तर महिन्याचं व्याज मुद्दलात चढत जातं, पुढच्या महिन्यात त्या व्याजावरही व्याज लागतं. हप्ता नसल्यानं कुणी दारात येत नाही, फोन करत नाही. रक्कम ठेवीच्या किमतीला भिडली की बँक ठेव वळती करून खातं बंद करते, आणि तिला तसा अधिकार असतो. मी वहीत एक पान ओडीसाठी ठेवलंय. किती उचलले, कुठल्या शाळेच्या येण्यावर उचलले, असे दोन रकाने. दुसरा रकाना भरता येत नसेल तर रक्कम उचलायची नाही.

हे सगळं ज्यांच्याकडं ठेव आहे त्यांच्यासाठी झालं. माझ्याकडं काज-बटण करणाऱ्या ताईंकडं एफडी नाही, त्यांचं जनधन खातं आहे. जनधन खात्यावरही ओव्हरड्राफ्ट मिळतो, हे त्यांना माहीत नव्हतं. योजना ऑगस्ट २०१४ मध्ये आली, ओडीची मर्यादा आधी पाच हजार होती, २०१८ मध्ये ती दहा हजार झाली आणि वयाची अट साठवरून पासष्टवर नेली. खातं सहा महिने नीट चाललेलं असावं लागतं, घरातल्या एकाच व्यक्तीला मिळतो, शक्यतो बाईला, आणि दोन हजारांपर्यंतच्या ओडीला अटी नाहीत. त्यांच्या मुलीच्या कॉलेजच्या फीला सहा हजार कमी पडत होते. आम्ही दोघी त्याच शाखेत गेलो. ज्या काउंटरवर मला पर्सनल लोनचा कागद स्वतःहून दिला होता, तिथं ताईंना सांगितलं, "असलं काही आमच्याकडं नाही." मला ते फार लागलं. चार लाखांच्या ठेवीवाल्या बाईला खुर्ची आणि दहा हजार मागणाऱ्या बाईला उभ्यानं नकार.

शाखाधिकारी साहेबांना भेटलो तेव्हा त्यांनी योजना आहे हे मान्य केलं, पण खात्यात व्यवहारच नाहीत असं म्हणाले. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. दर महिन्याला लाडक्या बहिणीचे दीड हजार जमा व्हायचे आणि लगेच निघायचे, बाकी खातं कोरडं. मी मजुरी रोख देत होते. तेव्हापासून दोन्ही बायकांची मजुरी मी शनिवारी खात्यावर पाठवते. वर्षभराचं पासबुक तयार झालं की त्या खात्याची पत बँकेला दिसेल.

ताईंनी अर्ज लेखी दिलाय आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का घेतलाय. ओडी द्यायची की नाही हा बँकेचा निर्णय, पण होय किंवा नाही हे लेखी कळवणं तिचं काम. उत्तर आलं नाही तर आधी बँकेकडं लेखी तक्रार करायची, आणि तिला तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार करता येते. तिला फी नाही, वकील लागत नाही, १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. शिक्क्याची प्रत आणि पासबुक आम्ही एकाच पिशवीत ठेवलंय.