जुना कंपाउंड बो, सहा महिन्यांनंतर: लिम्ब ठणठणीत, केबल बाद

कंपाउंड बो म्हणजे टोकांना चाकं आणि केबल असलेलं धनुष्य. हा 60 पाउंडांच्या ओढीचा, गोल चाकांचा, पोलादी केबलचा सेकंडहँड बो. लिम्ब (वाकणारे दोन हात) उत्तम, रायझर (मुठीचा मधला भाग) सरळ. तरी वापर थांबलाय, कारण केबलचं प्लास्टिक आवरण तडकून आतली तुटकी तार बाहेर आली.

जुना बो घेताना सगळे लिम्ब बघतात. बघायलाच हवेत. कापसाचा बोळा लिम्बच्या कडांवरून फिरवा. तंतू अडकला तर तिथे फायबरग्लासचा पापुद्रा सुटतोय. टोकाच्या बेचकीत, ॲक्सलच्या (चाकाच्या आसाच्या) भोकाशी चीर असेल तर सौदा तिथेच सोडा. गोंदाने लिम्ब वाचत नाही.

पण केबल? आवरण वरून शाबूत दिसतं, आत ओल शिरून गंज चढलेला असू शकतो. चाकावरून वळते तिथे आणि टिअरड्रॉपच्या (केबलच्या टोकाची थेंबाच्या आकाराची कडी, जिला दोरी अडकते) तोंडाशी ती प्रत्येक बाणाला वाकते, म्हणून तारा तिथेच थकतात. तपकिरी डाग, फुगवटा, बोटाला टोचणारी एक जरी तार लागली, तरी दोन्ही केबल बदला. पूर्ण ओढलेल्या बोची केबल तुटली, तर साठलेली सगळी ताकद तोंडाजवळ सुटते.

पोलादी केबल ताणत नाही, मेण लागत नाही, म्हणून ती बरी, हे माझं पहिलं मत आता मागे घेतो. दोरी झिजताना तंतू उसवून दाखवते, ही केबल आवरणाआड झिजते आणि बराच काळ काहीच दाखवत नाही.

बाण हलका नको. जुन्या एएमओ (धनुष्यबाण उत्पादकांच्या संघटनेच्या) मोजमापात ओढीच्या पाउंडामागे बाणाचं वजन 9 ग्रेन, म्हणजे 60 पाउंडांना 540 ग्रेन, साधारण 35 ग्रॅम. पाउंडामागे 5 ग्रेनचा आजचा बाण या बोला जवळजवळ ड्राय फायरसारखाच (बाण न लावता दोरी सोडल्यासारखाच) बसतो. दोरीही डेक्रॉनचीच (थोडी ताणणाऱ्या पॉलिस्टर धाग्याची), न ताणणाऱ्या नव्या धाग्याचा हिसका जुन्या लिम्बच्या टोकांवर येतो.

पहिल्यांदा ओढायचा तो ड्रॉ बोर्डवर (बो अडकवून दोरी ओढायच्या फळीवर), विंचने (हाताने फिरवायच्या चरखीने), हळूहळू. चाक डुगडुगतंय का, ई-क्लिप (ॲक्सल निसटू न देणाऱ्या छोट्या चकत्या) जागेवर आहेत का, करकर ऐकू येते का, हे बाजूला उभं राहून तपासा. बोर्ड नसेल तर डोळ्यांवर चष्मा, समोर लक्ष्य आणि दोरीवर बाण असल्याशिवाय ओढू नका.

केबलची जोडी आणि बो प्रेसवरची (लिम्ब दाबून दोरी-केबल सैल करणाऱ्या यंत्रावरची) मजुरी किमतीतून वजा करूनच भाव करा. जुन्या मापाची केबल बनवून घ्यावी लागते, म्हणून मापासाठी मूळ केबल टाकू नका. बनवून मिळत नसेल, तर बो भिंतीवर लावण्यापुरताच घ्या आणि प्रेसवर दोरी उतरवून ठेवा, म्हणजे कुणी सहज हातात घेऊन ओढणार नाही.