कुत्र्यांचं बोर्डिंग: लॅब्रॅडॉरवाल्यांनी बिनधास्त जा, टेरियरवाल्यांनी आधी हे वाचा

मे महिन्यात नांदेडला मेव्हणीचं लग्न होतं म्हणून लवंगीला (आमची जॅक रसेल टेरियर, वय ३ वर्षं, वजन ६ किलो, उपद्रव ६० किलोचा) चार दिवस लातूरजवळ शेतातल्या एका बोर्डिंगमधी ठेवलं. नाव टाकत नाही, तक्रारी पण आहेत आणि माणसं मनानं चांगलीयत.

लसीचं कार्ड बघितल्याशिवाय गेटच्या आत घेत नाहीत, हे आवडलं. बाहेर ४२ चं ऊन, पण शेडला कूलर आणि खिडक्यांना ओले गोणपाट. दिवसाला ५०० रुपये, ठीकय.

फॉर्मवर जात लिहायला रकाना आहे, सवयी लिहायला नाही. मी तोंडी सांगितलं की ही उकरती, जाळीखालून जाती, तर म्हणले "अहो दादा, आमच्याकडं रॉटवायलर राहून गेलाय, हे एवढंसं काय करतंय". हिथंच सगळे फसतात, उंची बघतात. अहो ही जातच कोल्ह्याला बिळातून हुसकायला तयार केलेली, इंग्लंडातल्या डेव्हनच्या एका शिकारवेड्या पाद्र्यानं, त्याचंच नाव हिला, १८१९ मधी त्यानं दूधवाल्याकडून ट्रम्प नावाची कुत्री घेतली तिथनं हा वंश धरतात. म्हणजे २०० वर्षं रक्तात बीळ, आणि शेतात तर पावलापावलाला घुशीचं बीळ.

दुसऱ्या दिवशी इकडं अक्षता पडायल्यात आणि फोन. "दादा, कुत्रं अर्धं जमिनीत गेलंय, शेपूट तेवढं दिसायलंय, हाक मारली तर ऐकंना." म्हणलं ऐकणारच नाही, बिळात गेल्यावर मालकाला विचारत बसली असती तर शिकारीच्या काय कामाची. जुने शिकारी शेपूट धरूनच ओढून काढायचे, पण तसलं काही करू नका म्हणलं, बाजूची माती काढा हळूहळू. मे महिन्यातली काळी माती म्हणजे दगड, पण बाईसाहेबांनी नळाजवळची ओली जागा बरोबर हुडकलेली. व्हिडिओ आला तर कुत्रं ओळखू येईना. कोल्ह्यापासून वेगळं दिसावं म्हणून या जातीला पांढरं ठेवलं म्हणे, आमच्याकडच्या मातीत तो फायदा गेलाच.

आणि मग तिथल्या म्हाताऱ्या मामांनी जे केलं त्यासाठी हा रिव्ह्यू लिहायलोय. बांधकामाची उरलेली वाळू होती, तिचा ढीग केला, आत चिंध्यांची गाठ मारलेली दोरी पुरली आणि सकाळी ऊन व्हायच्या आत हिला सोडलं. तासभर उकरली, दोरी काढली, झटकून झटकून "मारली" आणि दुपारपर्यंत झोपली. दुपारपर्यंत! आम्ही ३ वर्षं तुळशीच्या कुंडीवरून हिच्याशी भांडतोय, ट्रेनर झाले, यूट्यूब झालं, आणि हे डोक्यात आलं नाही की उकरणं बंद नाही होत, जागा द्यावी लागती.

तक्रारी: बिलात "जादा देखभाल" ४०० रुपये, आधी काही न सांगता. आणि पहिल्याच रात्री हिला एका लॅबसोबत ठेवलं, हिनं त्याची गादी घेतली, तो बिचारा ३० किलोचा चारही दिवस फरशीवर. त्याच्या मालकाची माफी मीच मागितली.

आता घरामागं अर्धा ब्रास वाळू टाकलीय, वाळूचा भाव बघता ते बोर्डिंगपेक्षा महाग पडलं. साडेतीन स्टार. दिवाळीला परत ठेवणारय, फक्त मामा सुट्टीवर नाहीत ना एवढं आधी विचारून.