जुनी गाडी विकताना कागद कुणाकडून करायचे: स्वतः, एजंट, ॲपवाली कंपनी की शोरूम? (ठाणे-नवी मुंबईवाल्यांसाठी)

किमतीची तुलना सगळेच करतात. दोन-तीन ॲपवर नंबर टाकायचा, ओळखीतला एखादा डीलर बोलवायचा, शोरूमला एक्सचेंज बोनस विचारायचा आणि ज्याचा आकडा मोठा त्याच्या हातात चावी. पण मला विचाराल तर आधी एकच गोष्ट बघा, आरसीवरचं (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावरचं) आपलं नाव नक्की कधी निघणार, आणि तोपर्यंत त्या गाडीने काही उद्योग केला तर निस्तरायचं कुणी. 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने एका केसमध्ये हेच स्पष्ट केलंय. 2007 ला विकलेली गाडी, पुढे हातोहात फिरत गेली, 2009 मध्ये अपघात झाला आणि भरपाईची जबाबदारी आली पहिल्या मालकावर, कारण रेकॉर्डवर नाव त्याचंच होतं. पैसे घेतले, डिलिव्हरी नोटवर सही घेतली, हे सगळं खरं असलं तरी आरटीओच्या लेखी मालक तुम्हीच.

कुठलाही मार्ग घ्या, थोडी तयारी सारखीच आहे. ई-चलान भरून टाका, त्यावरून ट्रान्सफर अडतं. गाडी 1 एप्रिल 2019 च्या आधीची असेल तर एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, बसवून घ्या (कारला 745 रुपये अधिक जीएसटी). लोन फिटलं असलं तरी आरसीवर बँकेचं नाव आहे का बघा, बऱ्याच जणांचं असतं आणि त्यांना पत्ताच नसतो. ते काढायला बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि फॉर्म 35 लागतो, आणि एनओसीला मुदत असते, त्यामुळे पाच वर्षांपूर्वीची कपाटातली चालेल असं धरून बसू नका.

आता स्वतः करण्याबद्दल. घेणारा ओळखीचा असेल, म्हणजे सोसायटीतला, ऑफिसातला, नात्यातला, तर मी डोळे झाकून हाच पर्याय सांगेन. फॉर्म 29 म्हणजे तुम्ही आरटीओला कळवताय की गाडी विकली, फॉर्म 30 वर दोघांच्या सह्या, चासिस नंबरची पेन्सिल छाप, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, पॅन, पत्त्याचा पुरावा, झालं. अर्ज सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर. सरकारी फी काही शेकड्यांत. कायद्याने विकणाऱ्याने 14 दिवसांत कळवायचं असतं. यातली खरी डोकेदुखी फॉर्म नाहीत, ओटीपी आहे. घरची गाडी बऱ्याचदा बाबांच्या नावावर, त्यांच्या आधारला जोडलेला नंबर कुठलातरी बंद पडलेला, आणि आरसीला तिसराच. तर गाडीची जाहिरात टाकायच्या आधी हे दोन्ही नंबर नीट करून घ्या, नाहीतर घेणारा पैसे घेऊन उभा आणि तुम्ही आधार केंद्राच्या रांगेत. दुसरा तोटा हा की घेणारा आळशी निघाला तर गाडी घेऊन जाईल आणि "करतो हो काका पुढच्या आठवड्यात" चालू. म्हणून चावी देण्याआधी अर्ज भरून, फी भरून पावती हातात पाहिजे. आणि व्यवहार बँकेतून, 2 लाख किंवा वर कॅश घेणं तसंही कायद्यात बसत नाही.

एजंटचं काम तेच, फक्त पळापळ त्याची. ते लोक नाव बदलायच्या या कामाला टीटीओ म्हणतात. फी सरकारी फीच्या कितीतरी पट, पण आरसीवरून बँकेचं नाव काढायचंय, घेणाऱ्याला वेळ नाही, आरसी हरवलीय असं तीन गोष्टींचं एकत्र लचांड असेल तर ते पैसे वसूल होतात. मात्र एजंट कुणाचा हे बघा. घेणाऱ्याने आणलेला असेल तर त्याला घाई घेणाऱ्याची, तुमची नाही. फोनवर ओटीपी मागितला तर अर्जात घेणाऱ्याचं नाव बरोबर आहे ना, हे बघितल्याशिवाय देऊ नका.

आता डीलर आणि ॲपवाल्या कंपन्या, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे. पूर्वी काय व्हायचं की डीलर कोऱ्या फॉर्म 29-30 वर सह्या घ्यायचा, गाडी उभी ठेवायचा, गिऱ्हाईक मिळालं की त्याचं नाव भरायचा, आणि मधले दोन-चार महिने गाडी तुमच्या नावावर कुठे कुठे फिरतेय हे देवालाच ठाऊक. डिसेंबर 2022 च्या नोटिफिकेशनने आणि 1 एप्रिल 2023 पासून यात बदल झाला. डीलरने आरटीओकडे नोंदणी करून अधिकृत व्हायचं, गाडी त्याच्या ताब्यात देताना पोर्टलवर फॉर्म 29सी (गाडी डीलरकडे दिल्याची सूचना) भरला जायला हवा, आणि तिथून पुढे गाडीची जबाबदारी मालक म्हणून त्याची. म्हणजे शेवटचा घेणारा कधी मिळतो याची तुम्हाला फिकीर नाही. कागदावर हा सगळ्यात सुरक्षित पर्याय आहे, पण डीलर खरंच अधिकृत असेल आणि 29सी खरंच भरला तरच. म्हणून दोनच गोष्टी मागायच्या, त्याचं अधिकृततेचं प्रमाणपत्र आणि 29सीची पोचपावती. "साहेब, आमच्याकडे तसं नसतं, सिस्टीम वेगळी आहे" असं उत्तर आलं तर त्याचा आकडा पाच-दहा हजारांनी जास्त असला तरी मी उठून येईन. काही कंपन्या आरसी बदलेपर्यंत थोडी रक्कम अडकवून ठेवतात, ती किती आणि कधी सुटणार हे ॲग्रीमेंटमध्ये शोधा, बारीक अक्षरात असतं.

शोरूम एक्सचेंजमध्ये बहुतेक वेळा जुनी गाडी मागच्या दाराने एखाद्या डीलरकडेच जाते, त्यामुळे वरचे दोन्ही कागद तिथेही मागा. सेल्सवाला नवीन गाडीच्या डिलिव्हरीच्या गोड नादात असतो, तुम्हीही असता, आणि त्यात जुनीचे कागद कुणी वाचत नाही. नवी घ्यायची ठरलेलीच असेल आणि बोनस तगडा असेल तर ठीक, नाहीतर किंमत कमीच मिळते.

घेणारा मुलुंडचा, खारघरचा असो, एमएच 04 चा नंबर तोच राहतो. पण गोवा-कर्नाटकातला असेल तर फॉर्म 28 ची एनओसी लागते, आणि एनओसी दिली म्हणजे नाव बदललं असं नाही, तिकडच्या आरटीओत नोंद होईपर्यंत तुम्हीच मालक. अशा वेळी थेट न विकता अधिकृत डीलरला दिलेली बरी. गाडी वारलेल्या माणसाच्या नावावर असेल तर उलट, आधी फॉर्म 31 ने वारसाच्या नावावर करून घ्या, त्याशिवाय विकायचा विषय काढूच नका. डीलर "होऊन जाईल" म्हणाला तरी.

इन्शुरन्सचा नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, तुमचा असतो, 50 टक्क्यांपर्यंत. विकल्यावर इन्शुरन्स कंपनीकडून या बोनसचं (एनसीबीचं) लेटर घ्या, तीन वर्षांत नव्या गाडीला चालतं. आणि फास्टॅग त्याच दिवशी बंद करा, ऐरोली-आनंदनगरला आता कारला टोल नाही त्यामुळे लक्षात येत नाही, पण नव्या मालकाने अटल सेतू पकडला की एका बाजूचे 250 तुमच्या खात्यातून जातात.